किसन मिस्त्रीचा शब्द

मोटार दुरुस्तीला आली की किसन मिस्त्री लगेच तिचं बॉनेट उघडत नसत. आधी तिच्याभोवती एक फेरी मारत, मग उकिडवे बसून चाकाच्या आतल्या बाजूची माती बोटानं खरवडत आणि ड्रायव्हरला विचारत, "काल कुठं गेल्ता बे?" काय बिघडलं हे नंतर. काल कुठं गेला होता, गाडीत किती माणसं होती, उतारावर गाडी गिअरमध्ये होती की मोकळी सोडली होती, हे आधी. ड्रायव्हर खोटं बोलला तर बोटावरची माती ते त्याच्या नाकापुढं धरत. "हे मेहकरच्या रस्त्याची नाही. हे नदीकाठची हाय. बोल आता."

मातीतलं त्यांना कळणारच. ते उंद्रीच्या माळ्याच्या घरातले. वांगी, मेथी, कांदे करणारं घर. त्यांच्या विहिरीवर तेलाचं इंजिन आलं, ते बंद पडलं, आणि खामगावहून येणारा दुरुस्तीवाला आठ दिवस आला नाही. रोपं माना टाकायला लागली तेव्हा किसननं ते इंजिन खोललं, पोत्यावर ओळीनं मांडलं आणि परत जोडलं. एक तुकडा उरला. इंजिन मात्र चाललं. तो उरलेला तुकडा त्यांनी पुढं शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवला होता. कुणी स्वतःच्या हुशारीचं फार सांगायला लागलं की ते त्याच्याकडं बोट करत आणि म्हणत, "हा कुठचा हाय, अजून मले मालूम नाही."

चिखलीहून खामगावकडं जाणाऱ्या रस्त्याला, गाव संपता संपता, त्यांचं पत्र्याचं शेड होतं. शेडमागं ट्रकच्या फुटक्या टायरांत माती भरून कोथिंबीर लावलेली असे. बुटके, रुंद खांद्यांचे, डोक्याला मळकं उपरणं. तंबाखू नाही, सुपारी नाही, पान नाही. दिवसातून तीन वेळा कडुनिंबाची काडी चावत बसत. ट्रकवाले हसत. मिस्त्री म्हणत, "हसा लेको. दात हे माहं हत्यार हाय."

ते खरंच होतं. हातभर लांब, लाकडी मुठीचा एक पेचकस त्यांच्याकडं होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटात काय चाललं आहे, ते त्यांना कवटीत ऐकू येई. मुठीवर दातांचे खळगे पडले होते.

मी तेव्हा साखरखेर्ड्याच्या बापूसाहेबांकडं ड्रायव्हर होतो. बापूसाहेब मोठे जमीनदार. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्यांनी नागपूरच्या एका वकिलाची जुनी काळी मोटार घेतली होती. तिच्या पुढच्या पाटीवर, वेगाच्या काट्याखाली, गुंजेएवढा एक तांबडा दिवा होता. चावी फिरवली की लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. माझी आणि मिस्त्रींची ओळख त्या दिव्यानं करून दिली. एकदा चिखली जवळ आली असताना तो चालत्या गाडीत लागला आणि लागूनच राहिला. मी गाडी तशीच शेडपर्यंत आणली.

"लागल्यावर किती चालवली?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोनेक फर्लांग."

"काऊन?"

"शेड जवळ होतं म्हणून."

"बैल खाली बसला तर त्याले शेडपर्यंत ओढत आणशीन काय तू?"

बापूसाहेब मागं बसलेले होते, त्यांच्यादेखत. मी खाली बघितलं. मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं नाही, माझ्याशीच बोलत काम सुरू केलं. तेल मोजायची काडी ओढली. तेल खुणेपर्यंत होतं. इंजिनाच्या कुशीत एक बटन असतं, तेलाचा जोर कमी झाला की ते दिव्याला कळवतं. त्याची तार त्यांनी उपसली आणि मला चावी फिरवायला सांगितलं. दिवा लागला नाही.

"म्हंजे तार खरं बोलून राह्यली. आता बटन खोटं बोलते का तेलच कमजोर झालं, एवढंच पाहाचं."

त्यांनी बटन आट्यांतून सोडवलं, उघड्या भोकापुढं तळहात धरला आणि मला हँडल मारायला लावलं. तिसऱ्या फेरीला तेलाची धार आली आणि त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. पुसायच्या आधी त्यांनी ते तेल अंगठ्यानं चोळून बघितलं. मग भंगारातल्या एका गाडीचं बटन काढून बसवलं, इंजिन सुरू केलं, पेचकस दातांत धरला. बराच वेळ तसेच उभे राहिले. शेवटी म्हणाले, "इंजिन साजरं हाय. बटनच गेल्तं."

निघताना मात्र मला खिडकीशी थांबवलं.

"हे बटन जुनं हाय. कधीतरी दगा देईन. पण देल्ला तरी तू थांबजो. दिवा लागला का इंजिन बंद. बटन खोटं हाय का खरं, हे तू ठरवाचं नाही. म्या ठरवीन. मले बलावणं धाडजो, म्या सायकलीवर येईन."

मी हो म्हणालो.

त्या काळी आमच्या भागात जुनी मोटार विकायची तर कागदाआधी मिस्त्रीचा शब्द लागे. विकणारा, घेणारा, दोघं गाडी घेऊन शेडवर यायचे. मिस्त्री इंजिन अर्धा तास तापू द्यायचे, दात लावायचे, मग बॉनेटवर उजवा पंजा ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "चालन." किंवा पंजा न ठेवता आत जाऊन हात धुवायला लागायचे. तेवढ्यावर सौदा व्हायचा किंवा मोडायचा. या कामाचे ते काही घेत नसत. घेणाऱ्याकडून एक चहा, तोही "चालन" म्हटलं तरच.

एकदा एक पुढारी आपली जीप विकायला घेऊन आला. सोबत चार माणसं, खादीचे कडक कपडे. मिस्त्रींनी दात लावले आणि हात धुवायला गेले.

"मिस्त्री, नीट ऐका एकदा," पुढारी म्हणाला.

"आयकलं साहेब. ते म्हणते, मले इलेक्शनमध्ये लय पळवलं."

सगळे हसले, पुढारीही हसला. सौदा झाला नाही. त्यानंतर वर्षभर पंचायतीच्या गाड्यांचं काम शेडवर आलं नाही. मी एकदा म्हटलं, जरा सांभाळून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "घेणारा कोण होता पाह्यलं काय? मास्तर होता. आयुष्यात एकच गाडी घेणार होता तो."

मी गाडी घेऊन वारंवार जाऊ लागलो. काम नसलं तरी थांबायचो. पार्वतावहिनी, त्यांची बायको, दुपारी भाकरी घेऊन येत आणि दोघांपुरती आणलेली तिघांत वाटत. मला बाप नव्हता. हे सांगून मी काही सवलत मागत नाही, फक्त तिथं का बसायचो ते सांगतो.

अशाच एका दुपारी मिस्त्री एका गाडीचे व्हॉल्व्ह बसवत होते. काम संपवून त्यांनी इंजिन सुरू केलं. एक व्हॉल्व्ह ढिला राहिला होता. शिलाई मशीन चालावं तशी बारीक, स्पष्ट टिकटिक येत होती. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "पाय, कसं लोण्यासारखं झालं."

मला वाटलं, थट्टा करतात. मी हसलो. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की ही थट्टा नाही, आणि माझ्या तोंडावरून त्यांना कळलं की काहीतरी वाजतं आहे.

त्यांनी इंजिन बंद केलं. "कोणता?"

"तिसरा."

त्यांनी तो कसला. गाडीवाला येऊन गाडी घेऊन गेला. मग ते टायरावर बसले.

"जड आवाज दाताले समजते," ते म्हणाले. "बारीक गेलं. दोन सालं झाले. खामगावच्या डाक्टरले दाखवलं. ते म्हणते, नस सुकली, पाणी घातलं तरी हिरवी होत नाही." मग वहिनींनी ठेवलेल्या भाकरीच्या टोपलीकडं बोट करून म्हणाले, "हिले बी पुरं सांगतलं नाही. लोकाईले मालूम पडलं तर शब्द कोण घेईन माहा?"

त्यांनीच पुढं विचारलं. विचारलं म्हणजे आर्जव केलं. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस, सबंध चिखली ज्याला मानायची, तो म्हणाला, "सौदा असला का तू येत जाय. तुहे कान जवान हायेत."

आम्ही ठरवलं ते असं. सौदे बाजाराच्या दिवशी ठेवायचे, तेव्हा बापूसाहेबांची गाडी घेऊन मी चिखलीत असेच. मी इंजिनापाशी फडकं घेऊन उभं राहायचं. बारीक आवाज आला तर फडकं मडगार्डावर टाकायचं. काही नसलं तर खांद्यावर. ते दातांत मूठ धरून डोळे किलकिले ठेवत आणि माझा खांदा बघत. कुणाला संशय आला नाही. दीड-दोन वर्षं आमचं असं चाललं. एकही शब्द खोटा गेला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटू लागला होता. लोक मिस्त्रींच्या पंजाकडं बघायचे आणि मला वाटायचं, यातली दोन बोटं माझी आहेत.

आता माझ्या हातून झालं ते.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, रोहिणखेडला गेली होती. मुलगी झाली. बापूसाहेबांनी सुट्टी दिली नाही. घरात पाहुणे होते. अकराव्या दिवशी त्यांनी मला एका पाहुण्याला मलकापूरच्या स्टेशनावर सोडायला पाठवलं. परतताना मी मोताळ्याहून गाडी रोहिणखेडला वळवली. न विचारता. तेव्हाचा तो रस्ता म्हणजे गाडीवाट. एका दगडावर गाडीचं पोट आपटलं, मोठा आवाज झाला. मी उतरून वाकून बघितलंही नाही. मुलीला पाव तास बघितलं. ती झोपलेली होती. तिची मूठ उघडून बघितली आणि निघालो.

राजूर घाटाच्या पायथ्याशी तांबडा दिवा लागला.

मी गाडी बाजूला घेतली. एवढं केलं. पण इंजिन बंद केलं नाही. दिवस उतरणीला लागला होता. थांबलो असतो तर रात्र तिथंच गेली असती, निरोप साखरखेर्ड्याला गेला असता, आणि मलकापूरहून निघून मी इतका वेळ कुठं होतो हे विचारलं गेलं असतं. आधीच्या ड्रायव्हरला बापूसाहेबांनी दाराला ओरखडा पडला म्हणून काढलं होतं. मी दिव्याकडं बघत मनाशी म्हणालो, बटन जुनं आहे, मिस्त्रीच म्हणाले होते दगा देईल म्हणून. जे ठरवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, तेच मी ठरवलं आणि तो सगळा घाट चढलो. अर्ध्या घाटात मी पाटीवर रुमाल टाकला. दिव्याकडं बघवेना म्हणून.

बुलढाण्यात पोचलो तेव्हा तेलाची काडी जवळजवळ कोरडी निघाली. दगडानं तेलाचं चेंबर चिरलं होतं. ओळख नसलेल्या एका वेल्डिंगवाल्याकडून चीर बुजवली, तेल भरलं. दिवा विझला. पण इंजिनात काहीतरी आलं होतं. वेग सोडला की बारीक टकटक. नखानं ताटलीवर वाजवावं एवढीच. बापूसाहेबांना ऐकू येण्यासारखी नव्हती. मिस्त्रींना तर नव्हतीच.

दोन महिन्यांनी बापूसाहेबांनी नवी गाडी घ्यायची ठरवली आणि जुनीला गिऱ्हाईक आलं. मेहकरचे गणपतराव, खानावळवाले. लग्नाच्या वऱ्हाडांना भाड्यानं द्यायला त्यांना मोटार हवी होती. भला माणूस. म्हणाले, "आपल्याले गाडीतलं काही समजत नाही. मिस्त्री म्हणतीन तर घेतो."

आदल्या दिवशी मी गाडीत सर्वांत जाड तेल भरलं. जाड तेलानं टकटक दबते. चाकं आतून धुतली. आणि रात्रभर स्वतःला सांगत राहिलो की सकाळी, सौद्याच्या आधी, मिस्त्रींना एकट्याला गाठून सगळं सांगायचं. ते ओरडतील, पण वाट काढतील. सकाळी शेडवर पोचलो तर गणपतराव आधीच येऊन बसले होते. एकट्याला गाठता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. गाठता आलं असतं. मिस्त्री कोथिंबिरीला पाणी घालायला मागं गेले होते, चांगली पाच-सात मिनिटं.

इंजिन अर्धा तास तापलं. तेल पातळ होत गेलं तशी टकटक वर यायला लागली. मिस्त्रींनी पेचकस टेकवला, दात लावले. पाटीवरचा दिवा एकदा हलकेच लुकलुकला. त्यांनी तो बघितला. मूठ दातांतून काढून माझ्याकडं वळले.

"हे काय?"

"तुम्ही बसवलेलं जुनं बटन," मी म्हणालो. "मधून मधून करतं तसं. तुम्ही म्हणालाच होता."

त्यांनी मान हलवली. "हाव. म्याच बसवलं होतं." मग गणपतरावांना म्हणाले, "बटन बदलून देतो. ते चूक माही हाय, गाडीची नाही." त्यांनी पुन्हा दात लावले. या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ. कपाळावर आठ्या आल्या. एकदा पेचकसाची जागा बदलली, मग दुसऱ्यांदा. मग डोळे किलकिले करून माझ्याकडं बघितलं.

फडकं माझ्या खांद्यावर होतं. टकटक मला स्पष्ट ऐकू येत होती.

त्यांनी पंजा बॉनेटवर ठेवला. "चालन."

गणपतरावांनी सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायलो.

वैशाखात, लोणारच्या रस्त्यावर, नवरदेव आत बसलेला असताना त्या इंजिनातला पिस्टनचा दांडा तुटून इंजिन फोडून बाहेर आला. कुणाला लागलं नाही. पण नवरदेव बैलगाडीतून, मुहूर्त टळल्यावर, मांडवात पोचला. मुलीकडच्यांनी गणपतरावांना मांडवात उभं करून बोल लावले. पुढच्या बाजाराच्या दिवशी गणपतराव शेडवर आले. मीही होतो, बापूसाहेबांची नवी गाडी घेऊन बाजाराला आलो होतो. ट्रकवाले होते, बाजाराची माणसं होती.

गणपतराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिस्त्री, म्या तुमच्या हाताकडं पाहून गाडी घेतली. गाडीकडं तर म्या पाह्यलंबी नव्हतं."

मिस्त्रींना पहिलं वाक्य नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी मान पुढं केली. "काय म्हणता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कान गेले वाटते मिस्त्रीचे." थट्टेत म्हटलेलं वाक्य खरं असावं, हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं.

मिस्त्रींनी त्या गर्दीत माझ्याकडं बघितलं. मी बोलेन असं त्यांना वाटलं होतं का, मला माहीत नाही. मी नव्या गाडीच्या दाराला हात लावून उभा होतो. मग त्यांनी उपरणं डोक्यावरून काढलं आणि गणपतरावांना म्हणाले, "आयकण्यात माही चूक झाली. गाडी आणा, म्या इंजिन बांधून देतो."

त्यांनी ते बांधून दिलं. सगळा पावसाळा त्यात गेला. गणपतरावांनी गाडी नेली आणि विकून टाकली. त्या पावसाळ्यात शेडवर दुसरं काम फारसं आलंच नाही. येत होते ते गंमत बघायला. मागून हळूच येऊन हॉर्न वाजवायचे आणि मिस्त्री दचकतात का बघायचे. एकानं तर शेडच्या दारात उभं राहून त्यांना शिव्या दिल्या आणि मिस्त्रींनी हसून "या, बसा" म्हटल्यावर सोबत्याकडून पैजेची बिडी घेतली. मी तेव्हा तिथं होतो. मी त्याला हटकलं, इतकंच केलं.

दसऱ्याच्या सुमारास त्यांनी शेड रिकामं केलं. मी सामान उचलू लागायला गेलो. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तर त्यांना अजून थोडं कळत होतं. हत्यारं पोत्यात भरता भरता ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "त्या दिवशी दाताले थोडं लागलं होतं मले. कायतरी होतं. पण म्या म्हणलं, दातापेक्षा कान खरा."

सांगायची हीच वेळ होती. ते माझ्याकडं बघत नव्हते, पोत्याचं तोंड बांधत होते. मी म्हणालो, "ते पोतं जड आहे, मी घेतो."

ते उंद्रीला भावाच्या वाड्यात राहायला गेले आणि मळा करू लागले. पुढं मी बापूसाहेबांची नोकरी सोडली आणि बुलढाण्यात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला लागलो. आजही तिथंच आहे. दहा वर्षं मी उंद्रीवरून खामगावला जात-येत राहिलो आणि एकदाही उतरलो नाही. ज्या मुलीला बघायला मी रोहिणखेडला वळलो होतो, ती बारा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस उतरलो.

काय बोलायचं ते मी नीट ठरवलं होतं. हळू आवाजात, समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून. मळ्यात पोचलो आणि माझ्या लक्षात आलं की ज्याला मी हे सांगणार, त्याला आता काहीच ऐकू येत नाही. मिस्त्री मेथी खुरपत होते. मी मागून हाक मारली, पुन्हा मारली, ओरडलो. शेजारच्या मळ्यातला माणूस उभा राहून बघू लागला. मिस्त्री खुरपत राहिले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे चिठ्ठीही नाही. आणि जे हळूच सांगायचं, ते मळ्यात ओरडून कसं सांगणार?

पार्वतावहिनींनी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या परत फिरावं असं मला वाटलं. बहिऱ्या माणसांसारखे ते फार मोठ्यानं बोलत होते. "शंकर! आला काय बे! पोरगी केवढी झाली?" मी हातानं उंची दाखवली. ते खूश झाले.

वहिनी त्यांच्याशी खुणांनी बोलत. जेवण, बाजार, पाऊस, पाहुणा, बैल, मयत, सगळ्याला त्यांच्या दोघांच्या खुणा होत्या. मिस्त्री विहिरीकडं गेले तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, मला त्यांना एक सांगायचं आहे. तुम्ही खुणेनं सांगाल का?"

"सांगा न भाऊ."

मी सांगितलं. घाट, दिवा, रुमाल, जाड तेल, खांद्यावरचं फडकं. सगळं सांगितलं. वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी आणखी दोन जुड्या बांधल्या.

"म्या नाही सांगणार हे," त्या म्हणाल्या.

"त्यांना कळायला पाहिजे, वहिनी."

"कायले? ते काय म्हणते मालूम हाय तुम्हाले? गावातले लोकं खुणा करून चिथावते त्याईले, शेड काऊन गेलं म्हून. तवा ते म्हणते, जो आवाज शंकरच्या बी कानाले आला नाही, तो कोणालेच आला नसता. त्याच्यात माहा काय दोष. एवढ्यावर जगून राह्यला तो माणूस." त्यांनी जुडी टोपलीत टाकली. "ते काढून घेऊ काय मी त्याच्याजवळून? तुम्हाले हलकं वाटावं म्हणून?"

मी खाली सांडलेली मेथी गोळा करून टोपलीत टाकू लागलो.

"तुम्ही ठेवा ते तुमच्याजवळ," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. पाहुण्याला त्याची विसरलेली पिशवी परत द्यावी तसं.

मिस्त्री ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले. आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "काय झालं वं?" वहिनींनी खूण केली. पाहुणा निघाला आहे, एवढीच असावी.

ते मला पोचवायला फाट्यापर्यंत आले. वाटेत सारखे बोलत होते. वांग्याला या साली कीड कमी आहे, विहिरीवरचं इंजिन बदलायला झालंय, भाऊ ऐकत नाही. मी माना हलवत होतो. बस आली. मागून येणारी बस त्यांना कळली नाही, मी दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. ते हसले आणि शेंगांची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली.

मी चढून खिडकीशी बसलो. बस जुनी होती, खडखडाट फार. मिस्त्री खिडकीखाली उभे राहून मला काहीतरी सांगत होते. हातवारे नव्हते, तोंडावर हसू नव्हतं. सावकाश, महत्त्वाचं बोलावं तसं बोलत होते. मी खिडकीतून वाकलो, कानाला हात लावला. बस हलली तरी ते बोलायचे थांबले नाहीत. त्यांचे ओठ मला वळणापर्यंत हलताना दिसत होते, आणि त्या इंजिनाच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही.